त्यातलं भांडण कुठलं

कोट अंगात चढला तो अर्धाच. उजवा हात बाहीत सुळकन गेला, डावा मात्र कोपरापाशी अडला. जादूगाराने तो रेटून पुढे नेला तेव्हा हात एकीकडे वाकत होता आणि बाही दुसरीकडे. आरशात स्वतःकडे बघत तो म्हणाला, "मास्तर, हे काय झालंय?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा नाकावर आणला, बाही मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपून पाहिली. मग दुसऱ्याच कुणाच्या चुकीबद्दल बोलावं तसे ते म्हणाले, "दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या आहेत."

"अहो, मी लोकांची माणसं गायब करतो. तुम्ही तर माझा डावा हातच गायब केलात!"

साधं कापड असतं तर बाही उसवून, उलटी करून लावता आली असती. पण ही काळी मखमल. तिला सुलटी बाजू एकच. शिवाय कापड जादूगाराने स्वतः आणून दिलेलं, तेही अगदी मापात. त्याचा मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता. "बघतो, काढतो काहीतरी मार्ग," असं तोंडातल्या तोंडात पुटपुटत मास्तरांनी त्याला कोटातून सोडवलं आणि दारापर्यंत पोचवलं.

खरं सांगायचं तर मास्तरांना बाहीचं तितकंसं नवल वाटलं नव्हतं. माणसाचा हात आहे, चुकतो. नवल वाटलं ते मशीनकडून काहीच आवाज न आल्याचं. मशीनवर त्यांची बायको बसली होती. गल्लीतली सगळी माणसं तिला बाई म्हणत. गिऱ्हाईकासमोर मास्तरांची एवढी फजिती व्हावी आणि बाईंनी खाली मान घालून बटण लावत बसावं, असं त्या दुकानात आजवर कधी घडलेलं नव्हतं.

"तुला दिसलं नव्हतं?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"बाह्या. दोन्ही एकाच हाताच्या आहेत ते."

"दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"कच्चा टाका घातला तेव्हाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी दोरा दातांनी तोडला. "बोलले असते तर भांडण झालं असतं. सूनबाई वर झोपली होती."

आता ही भानगड जरा मागून सांगायला हवी.

खाली दुकान आणि वर घर, असा त्यांचा संसार. मास्तर कापायचे, बाई शिवायच्या, आणि दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत दोघांची तोंडं कात्री आणि मशीनच्या बरोबरीने चालायची. मास्तरांनी खडू उचलला की बाई म्हणायच्या, "कमरेला सैल ठेवा, तो माणूस खाणारा आहे." "माप मी घेतलंय की तू?" "उपाशीपोटी घेतलंत तुम्ही माप. सकाळी आला होता तो." "तू आपली शिवण सरळ घाल." "कापलेलं सरळ असलं तर शिवणही सरळ येईल." यात आवाज चढत नसे असं मुळीच नाही. चढायचाच. मशीन चालू असताना कुजबुजून चालत नाही.

या प्रकाराला म्हणायचं काय, यावर मात्र कधी एकमत झालं नाही. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, "यांची चकमक झडल्याशिवाय माझी इस्त्री तापत नाही." एक निवृत्त शिक्षिका कपडे शिवायला टाकत, त्या म्हणायच्या, "काय हो ही सारखी हुज्जत!" मुलगा लहान होता तेव्हा मित्रांना सांगायचा, "आमच्याकडे अभ्यास होत नाही, आईबाबांची कटकट असते." बाई स्वतः याला काहीच नाव देत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "बोलतोय आम्ही," आणि पुढे शिवू लागत.

मास्तरांचं मत मात्र पक्कं होतं, आणि ते कुणालाही ऐकवायची त्यांची तयारी असे. "हुज्जत घालतं ते गिऱ्हाईक," खडू नाचवत ते सांगायचे. "आज देतो म्हणालात, आजच द्या, ही हुज्जत. तंटा असतो तो दोन घरांत, मधल्या भिंतीवरून. बाचाबाची झाली तर चार माणसं सोडवायला धावतात. धुसफूस म्हणजे तोंड मिटून आतल्या आत, ती सगळ्यांत वाईट. आणि भांडण झालं की घरात एक ताट तसंच वाढलेलं राहतं. आमच्याकडे कधी राहिलंय? नाही ना? मग ही नुसती कुरबूर. कुरबूर म्हणजे कोटाचं अस्तर. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण ते नसलं की कोट टोचतो."

"अस्तर उलटं लागलं तर त्याहून टोचतो," मशीनवरून बाई म्हणायच्या.

"बघा, झाली सुरू!"

ऐकणारे हसायचे. लोक हसले की मास्तरांना दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे.

या कुरबुरीतली एक त्यांची फार लाडकी होती. बाई अधूनमधून म्हणायच्या, "एकदा मला कापू द्या." त्यावर मास्तर पटकन म्हणायचे, "आणि मी काय मशीनच्या बॉबिनवर दोरा भरत बसू?" दुकानात कुणी असलं तर ते हमखास हसे, कुणी नसलं तर मास्तर एकटे हसत. लग्न झालं त्या वर्षी हे पहिल्यांदा झालं आणि मग होतच राहिलं. बाहेरून पाहुणा आला तर मास्तर मुद्दाम त्याला डिवचायला लावत, "हिला विचारा, कापायचंय का." इतरांकडे पाहुण्याला जुने फोटो दाखवतात, मास्तर हे दाखवत.

मग मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. औषधांच्या दुकानात कामाला, कमी बोलणारी, कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घेणारी. वर्षभरात तिला दिवस गेले, आणि डॉक्टरांनी आराम सांगितला म्हणून ती घरी राहू लागली. दुपारची ती वर पडून असायची आणि खालचं सगळं तिला ऐकू जायचं. एके दिवशी मुलगा कामावरून आला तो थेट दुकानात शिरला आणि टेबलावरचा टेप बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"बाबा, आई, एक बोलायचं होतं. तुमची भांडणं जरा कमी करता का?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कुणाची?"

"तुमची दोघांची. तिला त्रास होतो. खाली आवाज चढला की तिच्या छातीत धडधडतं. आपण वेगळं राहू या का, म्हणत होती."

"अरे, आमचं कसलं भांडण? ही तर आपली कुरबूर..."

"तुमच्यासाठी कुरबूर, बाबा. ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटतं."

मास्तर त्याला फरक समजावून सांगणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "बरं. नाही बोलणार."

इतकंच. बाईंनी कुठलीही गोष्ट इतक्या चटकन मान्य केल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. हे काही त्यांना नीट कळलं नाही. पण नातवंड यायच्या वेळी मुलगा घर सोडून गेला तर काय, या धास्तीपुढे त्यांनी ते बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात शिस्त आली. "कॉलर झाली का?" "हो." "काजं?" "करते." मास्तरांना वाटलं, सोपं आहे की. दुपारपर्यंत त्यांच्या हातून दोन खडू मोडले. इस्त्रीवाला डोकावून गेला. "बाई बऱ्या आहेत ना?" त्याने हळू आवाजात विचारलं. "बऱ्या आहेत. समजूतदार झाल्यात," मास्तर म्हणाले, आणि म्हणताना त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं.

एक विचित्र गोष्ट होऊ लागली. रेघ ओढून झाली की त्यांचा हात थांबायचा. कान मशीनकडे लागायचे. आपण कशाची वाट बघतोय ते त्यांना उमगायचं नाही, आणि तिकडून नुसता मशीनचा आवाज यायचा. मग ते कात्री चालवत.

मखमलीच्या वेळीही तेच झालं. मखमल दुहेरी घडी घालून कापता येत नाही, सरकते. ती एकेरी पसरायची, पुठ्ठ्याचा नमुना ठेवून एक बाही कापायची, मग नमुना उलटवून दुसरी. आजवर टेबलावर मखमल आली की बाईंनी विचारलेलं असायचं, "उलटवलात का?" आणि मास्तरांनी सुनावलेलं असायचं, "तू मला शिकवू नकोस." सुनावता सुनावता नमुना उलटवलेलाही असायचा. या खेपेला कुणी विचारलं नाही. मास्तर थांबले, वाट बघितली आणि कापून मोकळे झाले.

तर असा तो कोट. त्याची कथा त्याच दिवशी वर पोचली. इस्त्रीवाल्याने ती मुलाला सांगितली, मुलाने बायकोला, आणि तोवर कोटाला बाह्या तीन झाल्या होत्या. सूनबाई कठड्याला धरून जिना उतरली. मास्तरांनी घाईने गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे केलं.

"बाबा, हे माझ्यामुळे झालं का?"

"छे गं. हात आहे, चुकतो."

"नाही. तुम्ही आता बोलत नाही ना दोघं, म्हणून झालं." ती बोटांत बोटं गुंतवत बसली. "आमच्या घरी कधी कुणाचा आवाज चढला नाही. आईबाबा एकमेकांशी बोलायचेच नाहीत. 'बाबांना सांग, जेवण झालंय.' 'आईला सांग, भूक नाही.' निरोप मीच न्यायचे. इथे आले तर तुमचा एवढा आवाज. मला रोज वाटायचं, आज यांचं तुटणार. आणि आता तुम्ही गप्प झालात, तर मला आमच्या घरी परत गेल्यासारखं वाटतंय. त्यापेक्षा बोला तुम्ही. भांडा हवं तर."

"भांडत नाही गं पोरी आम्ही. कुरबूर करतो." मास्तर म्हणाले.

"जे काय करता ते करा. आम्ही कुठे जात नाही."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला वर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले ते कंबर कसूनच. बाई मशीनला तेल घालत होत्या.

"केवढं ओततेस! मशीन आहे, पंगत नाही."

"कमी घालते," बाई म्हणाल्या.

मास्तर अडखळले. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते बाईंच्या वाक्यावर बसवायचं होतं, आणि बाईंनी तसं वाक्यच दिलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी एक शर्ट उचलला. "ही कॉलर बघितलीस? एक टोक आभाळाला, एक जमिनीला."

"द्या इकडे, उसवते."

कॉलर उत्तम होती. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि बाईंनाही. तरी बाईंनी टाके उसवायला सुई लावली, तसा मास्तरांनी घाईघाईने शर्ट काढून घेतला. "राहू दे, राहू दे. चालेल."

मग शिक्षिका आपला झगा न्यायला आल्या, आणि मास्तरांनी हुकमी एक्का काढला. "हिला विचारा हो, कापायचंय का!" शिक्षिकांनी प्रश्न विचारायच्या आधीच हसायला सुरुवात केली. बाईंनी वर पाहिलं. "नाही," म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

शिक्षिका हसायच्या थांबल्या. झगा घेतला आणि एरवी अर्धा तास बसणाऱ्या त्या उभ्या उभ्या निघून गेल्या.

मास्तर पार गोंधळले. रागावली म्हणावं, तर रागात बाईंच्या हातून वस्तू आदळतात, आज सुयांच्या पेटीचं झाकणही हळू लागत होतं. रुसली म्हणावं, तर रुसलेलं माणूस मधूनच डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतं, कुणी समजूत काढतंय का ते. बाई बघत नव्हत्या. धुसफूस म्हणावी, तर चेहरा कसा निवांत. मास्तरांनी आपल्याकडचे सगळे शब्द एकेक करून लावून पाहिले. एकही मापात बसेना.

दुपारी जेवायला बसले. बाईंनी त्यांना वाढलं, आपल्यालाही वाढून घेतलं, नीट जेवू लागल्या.

"भाजीत मीठ जास्त झालंय," मास्तरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मग ठेवा बाजूला. दुसरं देते काहीतरी."

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. "अगं, झालंय काय तुला? सूनबाई स्वतः म्हणाली ना, बोला म्हणून? मग बोलत का नाहीस?"

"बोलतेय की."

"हे बोलणं नव्हे. पहिल्यासारखं."

बाईंनी जरा विचार केला. "खरं सांगू? बरं वाटतंय. पहिले दोन दिवस जीभ वळवळायची. मग थांबली. आणि लक्षात आलं, मी दमले होते."

"कशानं?"

"बोलून बोलून."

"आपल्या कुरबुरीनं?"

"तुमच्या कुरबुरीनं." बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "सगळी काही कुरबूर नव्हती ती. पुष्कळशी होती. कमरेचं, कॉलरचं, तेलाचं, ते कुरबुरीतलंच. त्यात मलाही मजा यायची. पण मधूनमधून मी भांडतही होते हो. ते तुम्हाला कळलंच नाही."

"कधी? तुझं ताट तर कधी..."

"जेवले म्हणजे भांडण नव्हतं होय? उपाशीपोटी शिवलं असतं कुणी?"

"पण कुठलं? त्यातलं भांडण कुठलं होतं?"

बाई जेवत राहिल्या. मास्तर आठवू लागले. माणूस अंधारात चपला शोधतो तसे ते चाचपडत होते. "तुझ्या भावाच्या कोटाला मी नावं ठेवली होती, ते?"

"ते केव्हाच विसरले."

"मुलाला मी दुकानात बसू दिलं नाही, ते?"

"तेव्हा तुमचंच बरोबर होतं."

"मग गं?"

बाई आपलं ताट उचलून उठल्या. "एकदा मला कापू द्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या ओठांवर बॉबिन आलीच होती. जन्माची सवय ती. त्यांनी ती कशीबशी गिळली.

"ते तू खरंच म्हणत होतीस?"

"पहिल्या दिवसापासून. लहानपणी मी कागद कापून बाहुल्यांचे झगे करायचे. तुमचं स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, मुलगा कापतो. मला वाटलं, चला, शिकवेल. दर वेळी म्हणताना वाटायचं, आज नाही हसणार हे."

"पण तूसुद्धा हसायचीस!"

"मग काय करणार? दुकानातली चार माणसं हसताहेत, त्यात मी एकटीनं रडायचं?"

त्या हात धुवायला गेल्या. मास्तर ताटापुढे बसून राहिले. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. इतक्या वर्षांचं ते सगळं बोलणं, ज्याच्या भरवशावर आपलं चांगलं चाललंय असं ते जगाला सांगत होते, ते अचानक परक्या भाषेतलं वाटायला लागलं. हे एक तिनं सांगितलं म्हणून कळलं. बाकीच्यातलं काय? कुठल्या वाक्याला ती मजेत होती आणि कुठल्या वाक्याला नव्हती, हे आता कोण निवडून देणार? पुन्हा विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. अन्न तसंच ताटात राहिलं.

ते उठले, चपला घातल्या आणि मखमल शोधायला बाहेर पडले. कापडाच्या दुकानांतून फिरत फिरत शेवटी एका पडदे शिवणाऱ्याकडे त्यांना तसाच काळा तुकडा मिळाला. एक बाही निघाली असती. दुसरी नाही.

सकाळी त्यांनी तो तुकडा टेबलावर पसरला, वर नमुना ठेवला, खडू ठेवला. कात्री ठेवली ती मूठ मशीनच्या बाजूला करून. मग ते टेबलापासून बाजूला झाले.

"काप," ते म्हणाले.

बाईंनी मशीन थांबवलं. "थट्टा करताय?"

"नाही."

"एवढंच कापड आहे. चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं."

"जादूगार काय म्हणेल?"

"त्याचं मी बघतो."

बाई त्यांच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. हसू कुठे दडवून ठेवलंय का, ते शोधत असाव्यात. मग उठल्या, फडक्याला हात पुसले आणि टेबलाच्या त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या जिथे आजवर मास्तरच उभे राहत आले होते. टेबल त्यांना उंच पडत होतं. मास्तरांनी रिकामं खोकं आणून त्यांच्या पायाशी सरकवलं.

बाईंनी सगळ्यांत आधी नमुना उलटवला. कुणी विचारायची गरज पडली नाही. खडूची रेघ ओढली. मुंढ्याचा बाक, म्हणजे बाही खांद्याला बसते ती गोलाई, दोनदा पुसून पुन्हा ओढली. मास्तरांच्या जिभेवर काहीतरी आलं. गोलाई उथळ वाटत होती. की नव्हती? त्यांना खात्री वाटेना. बोलावं तर ती कुरबूर होईल, की भांडण, की शिकवणं? आणि गप्प राहिलो तर त्याला ती काय समजेल? एरवी एका दमात चार वाक्यं फेकणारा तो माणूस टेबलाची कड धरून मुकाट उभा राहिला.

कात्री त्यांच्या हाताच्या मापाची होती. बाईंचा अंगठा तिच्या कडीत सैल हलत होता. तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी सावरली आणि मखमलीत घातली. मनगटाकडून कोपराकडे रेघ येत गेली. बाई श्वास रोखून कापत होत्या. रेघ सुरेख होती. मास्तर पहिलं कापड कापत होते तेव्हा त्यांची अशी आली नव्हती, आणि हे आता मोठ्याने सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण ते ऐकून तिला खरं वाटेल का, हेही कळेना.

कोपरापाशी कात्री थांबली. बाईंनी पुन्हा जोर केला. कात्री मिटली नाही.

"धरत नाही," त्या म्हणाल्या. "अंगठा धरत नाही हो."

जाड कापडातून सुया रेटून रेटून त्या अंगठ्याचा सांधा कधीच सुजून बसला होता. मास्तरांना ते माहीत होतं. मलम तेच आणून देत. त्या सांध्याचा आणि कात्रीचा काही संबंध असेल, हे मात्र त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पुढचं मी करू?" त्यांनी विचारलं. विचारल्याबरोबर त्यांना वाटलं, विचारायला नको होतं.

बाईंनी मान हलवली. "नको. दुखणं ओसरलं की बघते. आज नाही तर उद्या."

त्यांनी कात्री तशीच कापडात राहू दिली. खोक्यावरून उतरल्या, मशीनपाशी जाऊन बसल्या आणि अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून थोडा वेळ बाहेर रस्त्याकडे बघत राहिल्या. मग मशीन चालू झालं.

मास्तरांची कापायची कामं खोळंबली होती. ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले. इस्त्रीवाला काहीतरी विचारायला आला आणि मास्तरांना त्या जागी बसलेलं बघून न विचारताच परत गेला.

दुपार कलली तेव्हा जादूगार आला. "झाली का माझी बाही?"

"होतेय."

त्याने टेबलाकडे पाहिलं. "ही काय, अर्धी कापलेलीच आहे की! मारा दोन हात आणि टाका संपवून. परवा कार्यक्रम आहे माझा."

"ते काम बाईंकडे आहे."

"मग बाईंना सांगा."

"सांगून होणारं नाही ते. होईल तेव्हा होईल."

"म्हणजे मी काय एका हाताचा कोट घालून उभा राहू लोकांपुढे?"

असं आयतं वाक्य गिऱ्हाईक रोज देत नाही. एरवी त्यावर मास्तरांनी असा टोला हाणला असता की इस्त्रीवाल्यापर्यंत हशा पिकला असता. जादूगारही हसायच्या तयारीनेच उभा होता. मशीन थांबलं. मास्तरांनी तिकडे बघितलं नाही.

"दुसरीकडून करून घ्या हवं तर," ते म्हणाले. "पैसे परत देतो. आज आमचं टेबल मोकळं नाही."

त्याच्या मागोमाग शर्टाचं माप द्यायला आणखी एक माणूस आला, त्यालाही त्यांनी तेच सांगितलं.